पातेरा नेणारी गाडी

आमच्या गावात कचरा टाकणारं एकही घर नव्हतं. कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळायचं. आम्ही टाकत नाही, आम्ही खाणीत नेऊन ठेवतो. खाण म्हणजे लोखंडाची नव्हे, त्या तिकडे डिचोलीला. आमची चिऱ्यांची. पेडणे तालुक्यात घरांसाठी लाल चिरा कापून काढतात. चिरा संपला की चौकोनी खड्डा तसाच उघडा टाकून ठेकेदार पुढच्या डोंगराला लागतो. असा एक खड्डा आमच्या वाडीच्या टोकाला होता आणि त्याच्या कडेला माझ्या काकीचं घर होतं. आधी घर होतं, मग खड्डा झाला. हे मुद्दाम सांगते, कारण पंचायतीत एका शहाण्याने काकीला विचारलं होतं, "खाणीच्या बगलेक घर बांधलंस कित्याक?"

खड्ड्यात सगळं असायचं. दुधाच्या पिशव्या, फेणीच्या बाटल्या, लंगोट, फुटक्या खुर्च्या. पण वरून पाहिलं तर दिसायचा फक्त पातेरा. पातेरा म्हणजे झाडांचा वाळका पाला. काजू, फणस, आंबा, आणि त्यावर माडाची चुडतं, म्हणजे वाळक्या झावळ्या. माघ-फाल्गुनात आमच्याकडे झाडं अंगणात इतका पाला ओततात की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी ओळखू येत नाही. लोक तो पोत्यात भरून खाणीत ओतायचे आणि काडी लावायचे. पाला भुरकन पेटायचा. खालचं प्लास्टिक मात्र भुरकन पेटत नाही. ते सावकाश, दोन-तीन दिवस, मनाला येईल तसं जळतं.

माझ्या लहानपणी पातेरा हा कचरा नव्हता. न्हाणीत पाण्याच्या तांब्याच्या भाणाखाली तोच जाळायचे, गुरांच्या गोठ्यात तोच अंथरायचे, शेतात भाताचा तरवा पेरायच्या आधी तोच पसरून जमीन भाजायचे. दुसऱ्याच्या बागेतला पाला उचलायचा तर विचारून उचलावा लागे. मग न्हाणीत गीझर आले, गुरं विकली गेली, शेतं पडीक राहिली. झाडांना हे कुणी कळवलं नाही. ती पाला टाकतच राहिली.

काकीला दमा होता. काका गेल्यापासून ती एकटीच राहायची. म्हापशाच्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलत भावाला, सरळ सांगितलं होतं की या धुरात ही बाई राहू शकत नाही. दादा वास्कोला नोकरीला, तिथेच त्याचं बिऱ्हाड. त्याने आईला सांगून टाकलं, पावसाच्या आत धूर थांबला तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून तू माझ्याकडे येणार. काकीला वास्कोला जायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर राहायचं, खाली उतरायला लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरायचा. "थंय माका कोण वळखता गो?" ती म्हणायची. "हंय निदान धूर तरी वळखीचो."

तर प्रश्न एवढाच होता. पावसापर्यंत खाणीतला धूर थांबवायचा, नाहीतर काकीचं घर बंद.

आम्ही तालुक्यातली पाच-सहा पोरं-पोरी त्या काळात पत्रकं काढायचो. खाणीवर पत्रक, नदीतल्या रेतीवर पत्रक, केरीच्या किनाऱ्यावरच्या बाटल्यांवर पत्रक. मी सगळ्यात जास्त लिहायची, कारण मला राग लवकर यायचा. "जागे व्हा!" ने सुरू होणारं पत्रक मी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलवरून पाव घेता घेता जुळवू शकत असे. धुराविरुद्धचं पत्रक मी सगळ्या वाडीत वाटलं आणि एक काकीला नेऊन दिलं. तिने ते लांब धरून पूर्ण वाचलं.

"बरा लिवलंस," ती म्हणाली. "कागदय बरो जाड आसा. खाणीत टाकल्यार बराच येळ जळतलो."

आणि झालंही तसंच. चार दिवसांनी खाणीच्या कडेला माझीच पत्रकं पाल्यात पडलेली दिसली. म्हणजे पत्रक वाचून झाल्यावर त्याचं काय करायचं, याचा विचार पत्रकात नव्हता.

मी सरपंचांकडे गेले. ते पेडण्याच्या बाजारात किराणा दुकान चालवायचे आणि पंचायतीचं अर्धं काम गल्ल्यावर बसूनच व्हायचं. मी धूर, दमा, कायदा, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी एका गिऱ्हाईकाला तूरडाळ बांधून दिली आणि मग म्हणाले, "बाय, तुजा सगळा बरोबर. आता माका सांग, कचरो उचलतलो कोण, खंय व्हरतलो, आणि पैसे कोण दितलो? ह्या घेवन ये. फलक मी लावतंय."

फलक लावण्यात पंचायत पटाईत होती. "परिसर स्वच्छ ठेवा" असा एक फलक खाणीच्या तोंडाशी आधीच होता आणि सगळ्यात मोठा ढीग त्याच्याच पायाशी होता. कचऱ्यासाठी आलेल्या निधीतून हिरवे-निळे डबेही विकत घेतले होते. ते पंचायतीच्या खोलीत एकात एक घालून ठेवलेले होते, अगदी नवेकोरे, कारण वापरले तर खराब होतील. हे मी तेव्हाही बोलले होते, आता लिहूनही ठेवते.

पण त्यांचे प्रश्न खरे होते. त्या प्रश्नांना "जागे व्हा" हे उत्तर नव्हतं.

मग मी घरोघर फिरले. आधी वाटायचं, सगळ्यांचा कचरा सारखा. तसं नव्हतं. ज्यांच्याकडे अजून भाण तापत होतं त्यांचा पाला घरातच संपायचा. ज्यांच्याकडे गीझर होता त्यांच्या मागच्या दारी डोंगर. बाहेरच्या लोकांनी बांधलेल्या बंगल्यांत कापलेल्या गवताच्या काळ्या पिशव्या, गच्च बांधलेल्या, आतून कुजून गरम झालेल्या. बारवाल्याकडे बाटल्या आणि फक्त बाटल्या. या सगळ्यात एक गोष्ट लख्ख दिसली. पाला वेगळा काढला तर उरलेलं अगदी थोडं असतं. शिवाय पाला नसेल तर खाण पेटणारच नाही. नुसत्या दुधाच्या पिशव्यांना काडी लावत कोण बसतो?

म्हणून मी आखणी केली ती आठवड्याला दोन फेऱ्यांची. एका दिवशी प्लास्टिक, कागद, बाटल्या, पत्रा. दुसऱ्या दिवशी फक्त पातेरा. सुका माल तालुक्याच्या शेडमध्ये जाईल, जिथे त्याच्या गासड्या बांधतात. पाला हळर्णच्या बाजूच्या एका बागायतदाराकडे. त्याला माडांच्या आणि पोफळींच्या आळ्यात घालायला हवाच होता. फुकट घेईन म्हणाला, फक्त त्यात एकही पिशवी सापडता कामा नये. पैशांचं असं ठरवलं: डिझेल पंचायतीच्या कचरा निधीतून, गाडीवाल्याची मजुरी घरांच्या वर्गणीतून. वर्गणी किती, तर महिन्याकाठी घरात एका दिवशी लागणाऱ्या पाव-उंड्यांच्या पैशांइतकी. बंगले आणि बार यांना दुप्पट.

गाडीवाला सिंधुदुर्गातला, दोडामार्गाकडचा. डिचोलीत स्वतःचा ट्रक खनिजावर चालवायला म्हणून आला होता. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून त्याने छोटी टेम्पो गाडी घेतली आणि पहाटे बांद्याहून भाजी आणून म्हापशाला पोचवायचा. वयाने मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायची. तो म्हणाला, संध्याकाळी मोकळाच असतो.

मलाही संध्याकाळच हवी होती. माझा हिशोब असा की वर्गणी देणारा माणूस घरी असला पाहिजे. नोकरीवाले म्हापशाहून, पणजीहून सहाच्या बसने येतात. गाडी साडेसहाला दारात आली की समोरासमोर कचराही घेता येईल आणि पैसेही. वाटलं, आखणीत चूक काढायला जागाच नाही.

ग्रामसभा रविवारी सकाळी, शाळेच्या व्हरांड्यात. सगळ्यात आधी उठले भाटकार. भाटकार म्हणजे भाटाचे, बागायतीचे मालक, आमच्या वाडीतले जमीनदार. काजूचा अर्धा डोंगर त्यांचा.

"झाड माझा, पान माझा, पडला माझ्या भाटात," ते म्हणाले. "आणि त्या पानाक व्हरूक पैसेय मीच दिवचे? फाल्यां वारो लागलो म्हणान बिल धाडशात!"

लोक हसले. मी उठून म्हटलं, "धूर पण तुमचोच. तोय तुमच्या भाटात ठेवा. काकीच्या नाकात कित्याक धाडतात?"

मग जास्त हसले. भाटकार खाली बसले, पण गप्प बसले नाहीत. शेवटी सरपंचांनी मधला रस्ता काढला. महिनाभर गाडी फिरवून बघायची. लोकांनी कचरा दिला, वर्गणी दिली, तर पुढच्या सभेत वर्षभराची तरतूद. नाहीतर विषय बंद, आणि पुन्हा कुणी काढायचा नाही. संध्याकाळची वेळ वाचून दाखवली. हात वर करा म्हटलं. माझी आई हात वर करणाऱ्यांत होती, सरपंचीणबाई होत्या, काकी होती. काकीने तर दोन्ही हात वर केले होते. एक खाली कर म्हणून शेजारणीने सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी मी गाडीत मामाच्या शेजारी बसले. दर घराशी गाडी थांबायची, मामा हॉर्न वाजवायचा, मी खाली उतरायची. तुळशीपुढे दिवा. व्हरांड्यात बायका बसलेल्या. माझ्याकडे बघून हसायच्या, हात हलवायच्या. उठत कुणी नव्हतं.

"मावशी, गाडी इली!"

"बघितली गो बाय. बरी आसा गाडी."

"मगे कचरो?"

"दितलंव गो. दितलंव."

कधी, ते कुणी सांगत नव्हतं. बंगल्यांतून पिशव्या आल्या, बारमधून बाटल्या आल्या, भाड्याने राहणाऱ्या दोन कुटुंबांनी डबे आणून ओतले. बस. पाल्याच्या फेरीलाही तेच. पोती भरलेली दिसत होती, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, पण बाहेर येत नव्हती. नोकरीवाले मात्र घरी होते. वर्गणी विचारली की पाकीट काढायचे. पैसे मिळत होते आणि कचरा मिळत नव्हता! असं मी कुठल्याही पत्रकात वाचलं नव्हतं.

आणि सकाळी तीच पोती डोक्यावर घेऊन तीच माणसं खाणीकडे. दुपारी धूर.

मी भडकले. वाटलं, भाटकारांनी फिरवलं असणार सगळ्यांना. "दुटप्पी गावाला एक सवाल" असा मथळाही सुचला. दुसऱ्या आठवड्यातल्या एका फेरीत गाडी आमच्याच दाराशी आली तेव्हा मी तरातरा पायऱ्या चढले.

"आये, बाल्दी खंय आसा? दी."

आई तुळशीला हात जोडत होती. जोडून झाल्यावर म्हणाली, "दिवो लागलो."

"मगे?"

"मगे काय मगे? दिवो लागल्यार केर भायर घालतत?"

 अर्थात घालत नाहीत. हे मला पाठ होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. दिवेलागणीला लक्ष्मी घरात येते, तिच्या समोरून केर बाहेर न्यायचा नाही. काही सांडलंच तर झाडून कोपऱ्यात लोटून ठेवायचं, सकाळी उंबऱ्याबाहेर काढायचं. आमच्या घरात मी स्वतः शेकडो वेळा तसं कोपऱ्यात लोटलं असेल. आणि तरी फेऱ्या आखताना, वेळ ठरवताना, सभेत वाचून दाखवताना, हे एकदाही डोक्यात आलं नाही. आणि त्या व्हरांड्यात बसलेल्या एकानेही ते बोलून दाखवलं नाही.

"सभेत हात वर केलेलंस मगे?"

"तेन्ना सकाळ होती," आई म्हणाली. "आणि तो गावाच्या कचऱ्याक केलंय. आमच्या केराक न्हय."

मामा खालून सगळं ऐकत होता. मी गाडीत बसल्यावर त्याने सावकाश गिअर टाकला. "आमच्यातय देयत नाय," तो म्हणाला.

"मग सांगूक नाय आधी?"

"माका वाटला, गोंयात चलता आसात. तुमी फॉरवर्ड."

तिथून मी काकीकडे गेले. माझी खात्री होती, काकीची बाल्दी तरी बाहेर असेल. सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. ती आतल्या खोलीत पदर नाकाला लावून बसली होती, खाणीतला सकाळचा पाला अजून धुमसत होता. बाल्दी स्वयंपाकघरात, झाकण लावून.

"काकी, तूय?"

"काय मी?"

"तुझ्या श्वासासाठी गाडी आणली आणि तूच कचरा देत नाहीस?" राग आला की मी शाळेतली मराठी बोलते.

काकी खोकली. मग हळू म्हणाली, "धूर जाल्यार माका दमो येता, ता माझ्या आंगार. दिवेलागणीक केर भायर दिलंय तर ता घरार. तू माझ्या आंगाचा बघतंस, घराचा मी बघतलंय."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. लक्ष्मीला जर काकीच्या घरात यायचंच असेल तर तिला आधी त्या धुरातून यावं लागत होतं, आणि मला वाटतं ती खाणीपाशीच परत फिरत असणार. हे मी काकीला बोलून दाखवलं. ती हसली, हसताना पुन्हा खोकली, आणि म्हणाली, "म्हणानच सांगतंय, धूर बंद कर. पण सांजावल्यार न्हय."

अंधश्रद्धेवर पत्रक लिहायला माझ्याकडे मजकूर भरपूर होता. तो लिहून वाटून होईपर्यंत पाऊस आला असता आणि दादा गाडी घेऊन आला असता. काकीला दहा वर्षांत पटलं असतं कदाचित. पण तिला वास्कोला न्यायचं होतं ते दोन-अडीच महिन्यांनी. मी पत्रक लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मामाला गाठलं.

"सकाळी जमेल?"

"सकाळी भाजी टाकलंय तर खाव काय? तुमचो पातेरो?"

"मग दुपारी?"

"दुपारी गोंयात कोण जागो असता? हॉर्न मारलंय तर दगड मारतले."

हे मात्र खरं होतं. जेवण झालं की चारपर्यंत आमची वाडी बेशुद्ध असते. उरली चार ते दिवेलागण. चहाची वेळ. बायका उठलेल्या, अंगणात पुन्हा झाडू फिरलेला, पोदेराची संध्याकाळची फेरी अजून यायची. नोकरीवाले घरी नसतील, पण नोकरीवाल्यांनी आजवर कुठली बाल्दी उचलली होती? माझ्या हिशोबात पैसे देणारा आणि कचरा देणारा हा एकच माणूस होता. गावात ती दोन माणसं होती, आणि त्यातल्या एकीला मी काही विचारलंच नव्हतं. वर्गणी काय, रविवारीही गोळा करता आली असती.

सरपंचांनी आधी मान हलवली. ठराव संध्याकाळचा, तो बदलायला सभा लागते, सभा महिन्यानंतर.

"भाई," मी विचारलं, "तुमच्या घरातसून कितली पोती इली?"

त्यांनी तराजूचं पारडं पुसलं. बराच वेळ पुसलं.

"आमचे हिणे पयल्याच दिसा सांगलेला," ते म्हणाले. "पण सभेत कसा बोलूचा? पेपरवालो बसलेलो. गाव मागासलेलो म्हणान छापून येतलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लेखी काय करू नको. गाडी चारांक हाड. कोणी विचारल्यार माझ्याकडे धाड."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी हात वर केला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण नाही देणार, पण बाकीचे देतील. मागासलेलं कुणालाच दिसायचं नव्हतं.

चारच्या गाडीची मी कुठे दवंडी पिटली नाही. आईला सांगितलं, तिने विहिरीवर सांगितलं. त्या दिवशी मामाने पहिल्याच घराशी हॉर्न वाजवला आणि बाल्दी आमच्या आधी रस्त्यावर उभी होती. पाल्याच्या दिवशी तर पोती इतकी आली की गाडीला मागे दोरी बांधावी लागली. एका मावशीने तीन पोत्यांबरोबर पिकलेली पपई मामाच्या हातात ठेवली. वेळेबद्दल कुणीही अवाक्षर काढलं नाही. जणू गाडी आधीपासून चारलाच येत होती.

हळर्णच्या बागायतदाराने पहिल्याच खेपेला एक पोतं परत पाठवलं. आत शांपूच्या पुड्या निघाल्या होत्या. पोतं कुणाचं ते मला माहीत होतं. मी ते उचलून त्या घराच्या पायरीवर ठेवलं. पुन्हा पुड्या निघाल्या नाहीत.

धूर कमी झाला, पण थांबला नाही. भाटकारांचे कामगार अजून पाला खाणीत नेत होते. त्यांच्या गल्लीत गाडी वळत नाही, हे कारण. आणि महिन्यातले पहिले दिवस तर वायाच गेलेले. शिगमो, म्हणजे आमच्याकडची होळी, संपला आणि सभा लागली. काकी मागच्या बाकावर येऊन बसली. इतक्या लांब चालत आल्याने तिला धाप लागली होती.

भाटकार तयारीने आले होते. "अर्धो म्हयनो गाडी रिकामीच फिरली," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघितला. ठराव काय होतो? जमला ना तर विषय बंद. मगे करा बंद!"

गाडी रिकामी का फिरली, हे त्या व्हरांड्यात प्रत्येकाला माहीत होतं.  मी बोलायला उठणार तर आईने मागून माझी ओढणी ओढली. आणि काकी उभी राहिली. ती सभेत कधी बोलली नव्हती.

"माका वास्कोक वचूक नाका," ती म्हणाली. श्वास घेतला. "झील म्हणता, पावसाआधी चल. तुमी गाडी ठेवतल्यात काय ना, तितलाच सांगा. म्हणजे माका बांधाबांध करूक बरी."

भाटकारांना काकी लहानपणापासून ओळखत होती. ते जरा वरमले. "वयनी, तुमच्या दम्याक मी कारण न्हय."

"काजूच्या पानाचो धूर माका कळता," काकी म्हणाली. "फणसाचो वेगळो, आंब्याचो वेगळो. आणि आमच्या वाडीत काजू कोणाचो, ता मी सांगूक नाका."

या वेळी हसू यायला थोडा वेळ लागला, पण आलं. भाटकारांनीही शेवटी हसून टाकलं. मग त्यांनी अट घातली: गाडी त्यांच्या गल्लीत आत आली पाहिजे, पोती रस्त्यापर्यंत कोण वाहणार? मामा दाराशी उभा होता, म्हणाला, "कुंपणाचो एक दगड काढा, येतलंय." आणि मी माझ्याकडून एक गोष्ट मान्य केली, जी आधी मला मान्य नव्हती. ज्यांच्या घरात भाण तापतं आणि पाला घरातच संपतो, त्यांनी पाल्याची वर्गणी भरायची नाही, फक्त सुक्याची. म्हाताऱ्यांची घरं सगळी त्यातच होती. पंचायतीचा वाटा त्यामुळे थोडा वाढवावा लागला, आणि तो वाढवता यावा म्हणून यंदा फलक आणि डबे नाहीत, असं सरपंचांनी स्वतःच जाहीर केलं. ठराव वर्षभरासाठी झाला. वर्षभरच. मी कायमचा मागितला होता, तो मिळाला नाही. दरवर्षी पुन्हा भांडावं लागेल, हे मला तेव्हाच दिसत होतं आणि ते खरंही ठरलं.

वेळ मात्र ठरावात घातलीच नाही. सचिवाने विचारलं तेव्हा सरपंच म्हणाले, "गाडीची वेळ गाडीवाल्याक माहीत आसा."

वैशाखाच्या शेवटी दादा आला, एका रविवारी, सकाळच्या बसने. त्याने सोबत दोन मोठ्या रिकाम्या बॅगा आणल्या होत्या. काकीने त्याला बांगड्याची कढी वाढली आणि बॅगांबद्दल काही विचारलं नाही. जेवून तो झोपला. रविवारची फेरी नव्हती, वर्गणीचा दिवस होता, म्हणून मी चारच्या सुमारास तिथे पोचले. काकी पैसे पदराच्या गाठीतून सोडून देत होती आणि दादा अंगणात उभा राहून खाणीकडे बघत होता. पाला नव्हता, त्यामुळे आतलं सगळं आता उघडं दिसत होतं. वर्षांचा जळका थर, काळा आणि चिकट. वास होता. धूर नव्हता.

"आज ना म्हणान," दादा म्हणाला, "फाल्यां येवचो ना कशावरसून?"

"फाल्यांचा फाल्यां बघू," काकी म्हणाली.

तो दिवेलागणीपर्यंत थांबला. मला वाटतं तो धुराची वाट बघत होता, म्हणजे निर्णय सोपा झाला असता. काकीने तुळशीला दिवा लावला, घरात आली, त्याच्याजवळ बसली. त्याने तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकला, डॉक्टर ऐकतात तसा. बराच वेळ ऐकला. छातीत थोडी घरघर होती. काकी म्हणाली, ती तर तुझ्या जन्माआधीपासून आहे. त्याने बसल्या जागेवरून पायाने बॅगा जरा भिंतीकडे सरकवल्या.

मग काकीनेच त्याला, एकट्यालाच, निघायला उठवलं. वास्कोला पोचायला दोनदा बस बदलावी लागते, आणि चोपड्याच्या पुलावरून म्हापशाला जाणारी शेवटची बस रविवारी लवकर सुटते.